वेबसाइट चालवणार कोण, ते आधी ठरवा

नगरजवळच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत गेल्या आठ-दहा वर्षांत नावं फार बदलली. क्रॉम्प्टन ग्रीव्हजची २०१७ मध्ये सीजी पॉवर झाली. जुनी माणसं अजून 'क्रॉम्प्टन'च म्हणतात. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर कंपनीकडे गेला आणि २०२४ मध्ये त्याला लॉरिट्झ नुडसेन हे नाव मिळालं. लार्सन आणि टुब्रो हे दोघेही मूळचे डेन्मार्कचे, नवं नावही डॅनिशच, एवढंच काय ते सातत्य. त्याच वर्षी जिल्ह्याचंही नाव बदललं: मे २०२३ मध्ये चौंडीत घोषणा, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृतपणे अहिल्यानगर. नामांतराबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, वसाहतीतल्या छोट्या कारखानदारापुढे त्यानं एक साधं काम ठेवलं. पत्ता बदला, ग्राहकांच्या यादीतली नावं बदला. लेटरहेड, बिलबुक, रबरी शिक्का, गेटवरची पाटी ही कामं आठवड्याभरात उरकतात, कारण ती कोणाला सांगायची हे ठाऊक असतं. वेबसाइटपाशी मात्र गाडी अडते. ती बनवून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो, पासवर्ड त्याच्याकडे असतो, डोमेन त्याच्याच नावावर असतं आणि ऑफिसात कोणालाच त्यातलं काही माहीत नसतं. शाळा, पतसंस्था, देवस्थानं यांच्याकडेही चित्र फारसं वेगळं नाही.

यावर माझं म्हणणं सरळ आहे. वेबसाइट केवढी करायची, किती देखणी करायची हे ती बनवणाऱ्याच्या हौसेवरून ठरवू नये. ती पुढे सांभाळणाऱ्या माणसाला जेवढी झेपेल तेवढीच बांधावी, आणि असा माणूसच नसेल तर तो मिळेपर्यंत थांबावं. हे म्हणणं धंद्याला घातक आहे असं वेबसाइट बनवणाऱ्यांना वाटेल, पण गिऱ्हाइकाचा पैसा वाया जाण्याचं मुख्य कारण तिथेच आहे.

आज वेबसाइट विकत कशी घेतली जाते ते पाहा. कोटेशनमध्ये पानांची संख्या असते, सरकत्या चित्रांचा स्लायडर असतो, लोगो मोफत असतो, 'पहिल्या वर्षी डोमेन आणि होस्टिंग फ्री' असतं. दुसऱ्या वर्षाबद्दल त्यात चकार शब्द नसतो. हाच कारखानदार मशिन घेताना वॉरंटी किती, सुटे भाग कुठे मिळतील, सर्व्हिस इंजिनिअर नगरात आहे की पुण्याहून येणार, हे सगळं खोदून विचारतो. मशिन बसलं की शेजारी मेंटेनन्स कार्ड लटकवतो आणि तेल कधी बदललं त्याची तारीख त्यावर घालतो. वेबसाइटला असं कार्ड कोणी लावत नाही. खरं तर तिची तीन खाती असतात आणि तिन्ही मालकाच्या ताब्यात हवीत. पहिलं खातं डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नोंदणी जिथे होते ते. दुसरं होस्टिंगचं, जिथे पानं ठेवलेली असतात. तिसरं त्या पानांत बदल करण्याचं. यांतलं डोमेनचं खातं सर्वांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच बहुतेकदा दुसऱ्याच्या ईमेलवर उघडलेलं असतं. यात बनवणाऱ्याची लबाडी असतेच असं नाही. मालक म्हणतो 'तूच काय ते बघ', आणि तो आपला ईमेल, आपला मोबाइल घालून मोकळा होतो. पुढे नूतनीकरणाची आठवण त्या ईमेलवर जाते, ओटीपी त्या मोबाइलवर जातो.

नूतनीकरण चुकलं तर काय होतं, याची कल्पना फार थोड्यांना असते. डोमेन लगेच जात नाही. आधी वेबसाइट आणि तिच्यावरचे ईमेल बंद पडतात, मग काही दिवस ते जादा दंड भरून सोडवता येतं आणि त्यानंतर ते बाजारात खुलं होतं. जुनं, वापरात असलेलं डोमेन उचलायला टपून बसलेले लोक जगभर आहेत. त्यांनी ते घेतलं की तुमच्या कारखान्याच्या नावावर उद्या जुगाराची जाहिरात झळकू शकते. त्याहून वाईट गोष्ट ईमेलची. त्या पत्त्यावर येणारी चौकशी, ऑर्डर, बँकेचा पासवर्ड बदलण्याचा दुवा, सगळं नव्या मालकाकडे जाऊ लागतं, आणि 'आमचं बँक खातं बदललं आहे, या खात्यावर पेमेंट करा' असा ईमेल तुमच्याच पत्त्यावरून तुमच्या गिऱ्हाइकाला पाठवता येतो. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असलेला नूतनीकरणाचा हा खर्च वाचवण्यासारखा नाही, विसरण्यासारखा तर मुळीच नाही. डोमेन पाच वर्षांसाठी एकदम भरता येतं आणि ते कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर घेता येतं. फक्त तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की आठवणीचा ईमेलही बंद पडतो.

सांभाळण्याचा प्रश्न सरकारलाही सुटलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम हाती घेतला, त्यात संकेतस्थळ पहिल्या क्रमांकावर होतं. हे चांगलंच झालं. कित्येक कार्यालयांची पानं त्या निमित्तानं झाडली-पुसली गेली, बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांचे फोटो उतरले, बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन झालं आणि १ मे रोजी निकाल लागला. लगेच पुढे दीडशे दिवसांचा कार्यक्रम आला. पण तारीख लावून घेतलेल्या परीक्षेत एक खोट असते: तारखेपर्यंत रंगरंगोटी होते आणि तारखेनंतर तो विषय मागे पडतो. कायद्याला हे आधीच कळलं होतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं सतरा बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असं आहे, आणि ती दर वर्षी अद्ययावत करावी, असंही तिथेच लिहिलं आहे. २००५ चा कायदा आहे हा. त्याच्याही आधी महाराष्ट्रानं स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला आणि त्यामागचं आंदोलन याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून उभं राहिलं होतं. म्हणजे माहिती ताजी ठेवण्याची सक्ती वीस वर्षं कागदावर आहे. अडतं ते एवढ्यावरच की ती ताजी ठेवणं हे कार्यालयातल्या कोणाच्या कामाच्या यादीत आहे, याचं उत्तर सहसा मिळत नाही. मूल्यमापन करायचंच तर ते न सांगता, कुठल्याही मंगळवारी करावं आणि एकच प्रश्न विचारावा: या पानावरची सर्वांत जुनी चूक किती दिवसांची आहे?

आता नागापूरच्या एखाद्या वर्कशॉपला नेमकं काय हवं ते पाहू. मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागातला माणूस नवा व्हेंडर शोधतो तेव्हा त्याला 'आमच्या वेबसाइटवर आपले स्वागत आहे' वाचायचं नसतं. पिवळं हेल्मेट घातलेल्या परदेशी इंजिनिअरचा विकतचा फोटोही नको असतो. तो फोटो त्यानं आधी चार वेबसाइटवर पाहिलेला असतो. त्याच्या टेबलावर एक ड्रॉइंग असतं आणि त्याला काही गोष्टी चटकन कळायला हव्या असतात. तुमच्याकडे व्हीएमसी आहे का, असेल तर टेबल केवढं. सीएनसी लेथवर जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब बसतो. पॉवर प्रेस किती टनांचा. कोणत्या धातूवर काम करता, किती मायक्रॉनपर्यंत टॉलरन्स देता, मोजायला काय आहे आणि त्या उपकरणांचं कॅलिब्रेशन कधी झालं. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग घरात होतं की बाहेर पाठवता. आयएसओ प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे. बहुतेक वर्कशॉपकडे ही सगळी माहिती एका कागदावर तयार असते, कारण प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाच्या व्हेंडर नोंदणीच्या फॉर्ममध्ये ती भरावी लागते. तोच कागद वेबसाइटवर नीट मांडला की निम्मी वेबसाइट झाली. त्यासोबत स्वतःच्या शॉपमध्ये, स्वतःच्या मशिनवर काढलेले सहा फोटो, प्लॉट क्रमांकासह पत्ता, नकाशावरची खूण, साप्ताहिक सुट्टीचा वार आणि बोट लावताच लागेल असा फोन नंबर. दोन पानांत हे मावतं. 'व्हिजन' आणि 'मिशन' ही पानं काढून टाकली तर एकही ऑर्डर कमी होणार नाही, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

मात्र हे छोटं काम नीट व्हायला हवं. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो आणि तो तसाच चढवला की पान उघडताना चाक गरगरत राहतं. स्क्रीनवर दिसण्यासाठी दोनशे केबी पुष्कळ झाले. फोटो लहान करून देणारी साधनं फुकट मिळतात आणि पान किती जड आहे, कुठे अडतं, हे गुगलच्या मोफत तपासणीत मिनिटभरात कळतं. तपासणी ऑफिसातल्या वायफायवर करू नये. मनमाड रोडवर उभं राहून, साध्या फोनवर, मोबाइल डेटावर ते पान उघडून पाहावं. फोन नंबर किंवा दरपत्रक चित्रात टाकू नये. चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, कॉपी होत नाही आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला वाचताही येत नाही. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटलं. तो निकाल खासगी वर्कशॉपला उद्देशून नाही, पण स्कॅन केलेल्या वाकड्या पीडीएफांवर चालणाऱ्या सरकारी पानांनी तरी त्याची दखल घ्यायला हवी.

मराठीबद्दलही एक बारकावा सांगतो, कारण तो बनवणाऱ्यांच्या हातून हमखास सुटतो. पर्चेसवाल्यासाठी इंग्रजी मजकूर लागेलच, पण ऑपरेटर, फिटर, शिकाऊ उमेदवार हवे असतील तर त्यांच्यासाठीचं पान मराठीतच हवं आणि ते युनिकोडमध्येच हवं. छापखान्यातल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला तर समोरच्याला अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. शिवाय प्रत्येक पानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच त्या पानाची भाषा नोंदवायची असते. तयार साच्यात ती इंग्रजी असते आणि तशीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो, ब्राउझर 'भाषांतर करू का' म्हणून विचारत बसतो आणि बऱ्याच फाँटमध्ये ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाची उमटतात. या दोन अक्षरांचं मराठी वळण राज्य सरकारनं नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिलं आहे. कोडमधली भाषेची दोन अक्षरी खूण बदलली की काम होतं. हे सांगायला लागतं, याचं आश्चर्य वाटतं.

कमी बांधा, या आग्रहामागे सुरक्षेचंही कारण आहे. जगातल्या दहांपैकी चारांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात आणि आपल्याकडचे बहुतेक बनवणारे तेच वापरतात. त्यात वाईट काही नाही. पण वर्डप्रेसवर फॉर्मसाठी एक प्लगइन, स्लायडरसाठी एक, फोटोंसाठी एक, असे दहा-पंधरा तुकडे जोडले जातात आणि प्रत्येक तुकडा वेळोवेळी अपडेट करावा लागतो. तो केला नाही की त्यातल्या उघड झालेल्या फटीतून स्वयंचलित प्रोग्राम आत शिरतात. तुमचा कारखाना किती लहान आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. सरकारी डोमेनवरचे दुवेही बेटिंगच्या पानांकडे वळल्याचे प्रकार २०२४ मध्ये उघड झाले, तिथे आपली काय कथा! ज्या वर्कशॉपचा मजकूर वर्षातून चार वेळाच बदलतो त्याला वर्डप्रेसची आणि डेटाबेसची गरजच नाही. साधी, स्थिर दोन पानं पुरतात आणि त्यांत शिरकाव करायला जागाही थोडी असते. तीच गोष्ट सुरक्षा प्रमाणपत्राची, म्हणजे पत्त्याशेजारच्या कुलुपाची. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो. हे प्रमाणपत्र आता फुकट मिळतं, पण त्याची मुदत आखडत चालली आहे: कमाल मुदत ३९८ दिवस होती, ती टप्प्याटप्प्यानं कमी करत मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर आणायची, असं ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं आहे. हातानं नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. होस्टिंग घेताना ते आपोआप होतं का, एवढं विचारून घ्यावं.

नामांतराच्या निमित्तानं पत्त्यात जुनं गाव असलेलं डोमेन बदलावं का, हा प्रश्नही अनेकांपुढे आहे. माझं मत: शक्यतो बदलू नये. डोमेन हा तुमच्या गिऱ्हाइकांच्या वहीत, जुन्या बिलांवर, दुसऱ्यांच्या पानांवर छापला गेलेला पत्ता आहे. मजकुरात मात्र बदल हवाच, आणि तो करताना जुनं नाव पुसूही नये. 'अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)' असं दोन्ही लिहावं. जुनी प्रमाणपत्रं, जुनी खरेदीपत्रं अजून जुन्याच नावानं आहेत, बाहेरगावचा खरेदीदार जुनंच नाव शोधतो, आणि सगळे बोलताना 'नगर'च म्हणतात, तेही पानावर कुठेतरी असावं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव इथल्या उद्योजकांना हा धडा २०२३ मध्येच मिळाला आहे. तरीही डोमेन बदलायचंच असेल तर जुन्या पत्त्यावरचं प्रत्येक पान नव्या पत्त्यावरच्या त्याच पानाकडे कायमचं वळवावं. सगळी जुनी पानं नव्या मुखपृष्ठावर आणून सोडू नयेत, कारण मशिनची यादी शोधत आलेला माणूस तिथून परत फिरतो. ही वळवणी किमान वर्षभर तरी ठेवा, असं गुगल सांगतं. मी म्हणेन, धंदा आहे तोवर जुनं डोमेनही भरत राहा. त्याची कारणं वर आलीच आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: वेबसाइट हवीच कशाला? व्हॉट्सॲप आहे, फेसबुक आहे, इंडियामार्ट आहे, गुगलवर धंद्याची नोंद आहे. आक्षेप खोटा नाही. एखाद्या किराणा दुकानाला किंवा पंक्चरच्या टपरीला गुगलवरची नोंद आणि व्हॉट्सॲप पुरतंच आणि त्यांनी वेबसाइटवर खर्च करू नये, असंच मी सांगेन. वर्कशॉपनंही या सगळ्या जागा वापराव्यात. पण त्या भाड्याच्या आहेत, हे विसरू नये. इंडियामार्टसारख्या ठिकाणी आलेली चौकशी तुमच्याबरोबर तुमच्या स्पर्धकांनाही मिळते आणि मग बोलणं थेट दरावरच सुरू होतं. गुगलनं धंद्याच्या नोंदीसोबत एक फुकटची छोटी वेबसाइट करून देण्याची सोय ठेवली होती; भारतातल्या असंख्य छोट्या व्यावसायिकांनी ती केली, पत्ता कार्डावर छापला, आणि मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावरून नोंदीकडे वळवलं जात होतं, पुढे तेही थांबलं. कंपनीनं कोणाला फसवलं नाही. तिची जागा होती, तिनं ती आवरली. स्वतःच्या डोमेनवर दोनच पानं असलेल्याला त्या दिवशी काहीही करावं लागलं नाही.

आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही, हेही या जिल्ह्यानं पाहिलं आहे. शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप आणि ऑनलाइन पूजेतून भाविकांची फसवणूक झाल्याचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं. खरं ठिकाण कोणतं, हे सांगणारी एक ठळक, ताजी, अधिकृत जागा नसेल तर खोट्यांचं फावतं. वर्कशॉपच्या नावानं कोणी पूजा विकणार नाही, पण खोटी नोकरी देऊ करून उमेदवारांकडून पैसे उकळणारे एमआयडीसीतल्या कंपन्यांचीच नावं वापरतात. 'आम्ही भरतीसाठी पैसे घेत नाही, चौकशी याच क्रमांकावर करा' ही एक ओळ स्वतःच्या पानावर असणं उपयोगाचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लघुउद्योजक म्हणतात, आम्हाला कामं ओळखीतून मिळतात. वेबसाइट पाहून कोणी ऑर्डर देत नाही, आणि मोठं काम हवं तर वेबसाइट भपकेबाजच लागते, दोन पानी पाहून समोरचा हसेल. यातला पहिला भाग खरा आहे. पण ओळखीनं नाव सुचवल्यावर समोरचा काय करतो? नाव गुगलवर टाकून पाहतो. ओळख दार उघडते, तपासणी नंतर होते, आणि त्या वेळी सापडलेल्या पानावर जुन्याच नावांनी लिहिलेली ग्राहक कंपन्यांची यादी, मुदत संपलेलं आयएसओ प्रमाणपत्र आणि कोपऱ्यात 'कॉपीराइट २०१६' दिसलं तर त्या ओळखीचंही वजन कमी होतं. मोडकी वेबसाइट नसलेल्या वेबसाइटपेक्षा वाईट, ती याच अर्थानं. भपक्याचं म्हणाल तर तो पहिल्या दिवशी दिसतो. तीन वर्षांनी स्लायडरमधला एक फोटो तुटलेला, 'बातम्या' या सदरात तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या शुभेच्छा, असं ते ध्यान होतं. खरेदी विभागातला माणूस मशिनची यादी पाहून हसल्याचं कोणी ऐकलं आहे का?

तिसरा आक्षेप नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन पाच मिनिटांत वेबसाइट बनवून देतं आणि लोकही शोधण्याऐवजी अशाच साधनाला विचारतात. मग वेबसाइटची चिंता कशाला? उलट माझा मुद्दा यानं आणखी पक्का होतो. बांधणं पाच मिनिटांवर आलं म्हणजे बांधण्याची किंमत जवळपास संपली. उरलं ते खरी माहिती देणं आणि ती खरी ठेवणं. या साधनाला तुमच्या प्रेसचं टनेज माहीत नाही. सांगितलं नाही तर ते 'जागतिक दर्जाची अत्याधुनिक सुविधा' असं काहीतरी लिहून मोकळं होतं, जे हजार जणांच्या पानावर तसंच असतं. आणि ग्राहक ज्या साधनाला 'नगरमध्ये अमुक टनांचा प्रेस कोणाकडे आहे' असं विचारेल ते उत्तर कुठून आणणार? कोणीतरी कुठेतरी साध्या मजकुरात लिहून ठेवलं असेल तिथूनच.

राहता राहिला माणसाचा प्रश्न. दहा-पंधरा कामगारांच्या शॉपमध्ये वेबसाइटसाठी वेगळा माणूस नेमणं शक्य नाही, हे उघड आहे. पण त्याच शॉपमध्ये जीएसटीचं रिटर्न महिन्याच्या महिन्याला जातं, कारण ते कोणाचं तरी ठरलेलं काम आहे. तोच अकाउंटंट किंवा ऑफिस सांभाळणारी मुलगी रिटर्न भरलं की अर्धा तास वेबसाइट पाहू शकते: फोन लागतो का, चौकशीचा फॉर्म भरला तर ईमेल खरंच येतो का, नवं मशिन आलं ते यादीत चढलं का, कोणतं प्रमाणपत्र संपत आलं. तो अर्धा तास तिच्या कामात आणि पगारात धरलेला हवा, 'वेळ मिळाला तर बघ' असं नको. त्यासाठी पानं बदलणं तिला जमेल इतकं सोपं असायला हवं, आणि म्हणूनच बनवणाऱ्याला काम देण्यापूर्वी तिला समोर बसवावं. बनवणाऱ्याशी होणारा करार एका पानाचा पुरे: डोमेन आणि होस्टिंग कंपनीच्या नावावर, तिन्ही खात्यांचे तपशील काम संपताच लेखी ताब्यात, सगळ्या फाइलींची एक प्रत कंपनीकडे, दुसऱ्या वर्षापासूनच्या देखभालीची रक्कम आजच ठरलेली, आणि शेवटचा हप्ता तेव्हाच, जेव्हा त्या मुलीनं कोणाच्या मदतीशिवाय एक फोटो आणि एक फोन नंबर बदलून दाखवला असेल. चांगलं काम करणाऱ्यांना या अटींचा त्रास होणार नाही. नगरात असे बरेच जण आहेत आणि देखभालीचे पैसे मागायला त्यांनाच आज संकोच वाटतो. उद्योजकांच्या संघटनेनं किंवा जिल्हा उद्योग केंद्रानं असा कराराचा नमुना मराठीत छापून सभासदांना वाटला, तर त्यावरचा खर्च एका चहापानाच्या कार्यक्रमाएवढाही येणार नाही.